शेजेची मोकळी बाजू



चित्रांविषयीं आकाशवाणीवरून बोलावयाचें, म्हणजे फुलांवांचून सुवास पोंचविण्याचाच प्रकार! तरी क्षणभर डोळे मिटा. रात्रीचें वन आहे. झाडाखालीं कोवळ्या पानांची शेज अंथरलेली आहे, आणि तिच्या कडेला एक तरुणी वाटेकडे दृष्टि लावून बसली आहे. ही उत्कंठिता नायिका. केशवदासांनीं १५९१ सालीं ‘रसिकप्रिया’ रचून अष्टनायिकांचीं लक्षणें सांगितलीं. हिमालयाच्या पायथ्याशीं गुलेर-कांगड्याच्या दरबारी चिताऱ्यांनीं अठराव्या शतकांत त्या नायिकांना पुनःपुन्हा रंगरूप दिलें.

आतां तिच्या मुखाकडे पाहूं गेलें, तर निराशाच पदरीं येते. अश्रु नाहींत, भुंवई आकसलेली नाहीं. मीलनाच्या चित्रांतील नायिकेचें जें मुख, तेंच हिचें. म्हणून कित्येक रसिक या चित्रांना सांचेबंद म्हणतात. मलाहि पूर्वीं तसेंच वाटे. पण विरह तिच्या मुखावर नाहींच. तो शेजेच्या मोकळ्या बाजूवर आहे. (राजांकरितां पुरुषांनीं काढलेल्या या चित्रांत झुरावयाचें मात्र बहुधा स्त्रीनेंच, हेंहि जातां जातां सांगितलें पाहिजे.)

मग हा सारा केवळ दरबारी संकेतच काय? गुलेरचा चितारी नैनसुख याचेंच उदाहरण घ्या. जसरोट्याच्या राजघराण्यांतील बलवंतसिंहाच्या पदरीं तो वर्षानुवर्षें होता. धनी दाढी कातरवून घेत आहे, तंबूंत बसून लिहीत आहे, थंडीनें रजईंत गुरफटला आहे, — इतक्या जवळून त्यानें त्याला रेखाटलें. १७६३ सालीं बलवंतसिंह वारला. त्याच्या अस्थि घेऊन जाणाऱ्या मंडळींबरोबर नैनसुख हरद्वारास गेला. तेथील पंड्याच्या वहींत त्यानें स्वहस्तें नोंद केली आणि चित्रहि काढलें.

पुढें १७७५च्या सुमारास नैनसुख व त्याचा भाऊ मानकू यांच्या घराण्यांतील पुढच्या पिढीनें ‘गीतगोविंदा’ची विख्यात चित्रमाला रंगविली. तींत कित्येकदां राधा एका कुंजांत, कृष्ण दुसऱ्या कुंजांत, आणि मधल्या वाटेवर निरोप नेणारी सखी. धन्याचें रिकामें आसन ज्या घरानें पाहिलें होतें, त्या घरच्या हातांनाच ती मधली जागा अशी मोकळी सोडतां आली, असें मला वाटतें.

मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत पहाडी चित्रें आहेत. त्यांच्यापुढें उभे राहाल, तेव्हां मुखें मागाहून पाहा. आधीं दोन आकृतींमधलें अंतर सखीच्या पावलांनीं चालून जा.