जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी निघाली की नांगरट सुरू होते, आणि नेमकी तेव्हाच जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट नांगर उचलेनाशी होते. लगेच पंप खोलू नका. आधी ट्रॅक्टर सपाट जागी लावून तेल बघा. अनेक जुन्या ट्रॅक्टरांत गिअरला आणि लिफ्टला तेल एकच असतं, म्हणून पातळी उतरली की लिफ्ट अडखळते. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, ते बदलाच. फेस येत असेल तर हवा शिरतेय. मग तेल गाळणारी जाळी धुवा. माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच.

आता परीक्षा. नांगर उचलून इंजिन बंद करा. तो भराभर खाली आला, तर सिलिंडरचं सील किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह गळतोय. सकाळी लिफ्ट उचलते, तेल तापल्यावर दमते, तर पंप झिजल्याचा संशय घ्या.

आणि कळकळीनं सांगतो, उचललेल्या नांगराखाली कधीही शिरू नका. गळती बोटानं चाचपू नका, पुठ्ठा धरा. दाबाखालचं तेल कातडीत घुसतं. तसं झालं तर जखम बारीक दिसली तरी तडक दवाखाना गाठा.