कच्चा कैदी आणि आपली जबाबदारी

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)





आज बक्षिसांचा दिवस. अशा दिवशी या वकिलाने तुरुंगाचा विषय का काढावा, असे काहींना वाटेल. परंतु आपल्या नगरला हा विषय परका नाही. ऑगस्ट 1942 मध्ये मौलाना आझाद, पंडित नेहरू, सरदार पटेल आदी नेत्यांना मुंबईत पकडून येथल्या भुईकोट किल्ल्यात ठेवले. ना खटला, ना निकाल. मौलानासाहेब या किल्ल्यात असतानाच एप्रिल 1943 मध्ये तिकडे कलकत्त्यात त्यांच्या बेगम झुलेखा अल्लाला प्याऱ्या झाल्या. शेवटची भेट झाली नाही. ‘गुबार-ए-खातिर’ इथे लिहिले गेले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण गुन्हा शाबीत न होता माणूस कोंडला म्हणजे त्याच्या घरावर काय ओढवते, तेही या किल्ल्याने पाहिले आहे.

इंग्रज गेले, तरी हे दुखणे गेले नाही. ज्याच्या खटल्याचा निकाल लागायचा आहे, त्याला तुरुंगात ‘कच्चा कैदी’ म्हणतात. 2022 अखेर देशातील दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी होते.

या कच्च्या कैद्यांसाठी आवाज उठवणारा एक माणूस पोलिसखात्यातला होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. खुस्रो रुस्तमजी हे त्यांचे नाव. जन्म नागपूरजवळच्या कामठीचा, घराणे पारशी. सहा वर्षे ते पंतप्रधान नेहरूंचे सुरक्षा अधिकारी होते. मध्य प्रदेशचे पोलीसप्रमुख म्हणून त्यांनी चंबळच्या डाकूंशी झुंज घेतली आणि 1965 साली सीमा सुरक्षा दल उभे केले. म्हणजे गुन्हेगाराविषयी हळवा असा हा माणूस नव्हता. पुढे राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य असताना त्यांनी बिहारचे तुरुंग पाहिले. कित्येक कैदी, आरोप खरा ठरला असता तर जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून अधिक काळ आत होते. काही स्त्रियांवर तर आरोपच नव्हता. ‘संरक्षणासाठी’ म्हणून त्यांना डांबले होते. रुस्तमजींनी जानेवारी 1979 मध्ये ‘इंडियन एक्सप्रेस’मधून हे सारे मांडले. ते वाचून वकील कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्या खटल्याला एका कैदी स्त्रीचे, हुसेनआरा खातूनचे, नाव मिळाले. खटला लवकर चालणे हा आरोपीचा मूलभूत हक्क आहे आणि गरिबाला सरकारने वकील दिला पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. त्यानंतर हजारो कच्चे कैदी घरी परतले.

आता आपल्या दाराशी आलेल्या प्रश्नाकडे वळतो. तो म्हणजे नशा. या बाबतीतही पोलिसांमधूनच वेगळा सूर निघाला आहे. अमेरिकेत 2002 साली काही माजी पोलिसांनी संघटना काढली. नशा करणाऱ्यांना पकडून पकडून तुरुंग भरले, पण धंदा थांबला नाही, हा त्यांचा अनुभव. त्यांचे सगळेच म्हणणे आपण मान्य करणार नाही. नशा आपल्याकडे हराम आहे व राहील. परंतु व्यसनी आणि विक्रेता यांना एका मापाने मोजू नये, हे त्यांचे म्हणणे विचार करण्यासारखे आहे. आपला 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदाही हा फरक ओळखतो. केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचाराला गेला, तर कलम 64-अ प्रमाणे त्याच्यावरचा खटला टळू शकतो. अट एवढीच की, उपचार अर्धवट सोडता कामा नयेत. विक्रेत्याला ही सवलत नाही.

कायद्यात वाट आहे. पण आपण ती दाखवतो का? माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एकोणीस वर्षांचा एक मुलगा गांजाच्या पुडीसह पकडला गेला. जामीन मंजूर झाला, परंतु जामीनदार उभा राहीना. वडील म्हणाले, “राहू द्या आत, अक्कल येईल.” मोहल्ल्यानेही मान हलवली. मला कायदा ठाऊक होता. तरी मी त्या बापाला समजावले नाही, कागद बाजूला ठेवले. मुलगा दोन महिन्यांनी सुटला. परीक्षा हुकली ती हुकलीच. आत गेला तो गांजा ओढणारा पोरगा; बाहेर आला तो पुड्या विकणाऱ्यांच्या ओळखी घेऊन. त्याला अक्कल आलीच नाही. मला मात्र आली.

हदीसमध्ये एक प्रसंग आहे. दारू प्याल्याबद्दल शिक्षा भोगलेल्या माणसाला लोक शाप देऊ लागले, तेव्हा पैगंबरसाहेबांनी त्यांना अडवले. आपल्याच भावाविरुद्ध सैतानाला मदत करू नये, अशी शिकवण दिली. शिक्षा झालेल्याविषयी ही शिकवण आहे, तर ज्याचा गुन्हा अजून शाबीतही झालेला नाही, त्याला घराबाहेर काढणारे आपण कोण?

म्हणून पालकांनो, तीन गोष्टी ध्यानात ठेवा. अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत न्यायाधीशापुढे उभे करावे लागते. कोठडीतल्या कोणालाही, उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 479 विचारून घ्या. पहिल्यांदाच आरोप आलेला कच्चा कैदी कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत राहिला असेल, तर तो बंधपत्रावर सुटू शकतो. फाशी वा जन्मठेपेचा आरोप किंवा एकाहून अधिक खटले असतील, तर मात्र नाही.

मुलगा वाकड्या वाटेला लागल्याचा संशय आला, तर आधी डॉक्टर गाठा. पोलीस दारात येईपर्यंत थांबू नका.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काहींनी वकील व्हावे, काहींनी पोलिसाची वर्दी घालावी. खाते बाहेरून नावे ठेवून सुधारत नाही. आत रुस्तमजींसारखी माणसे लागतात. आणि तोवर एवढे करा: वर्गातला एखादा मित्र घसरत असेल, तर त्याच्याशी बोलणे सोडू नका.

अल्ला आपणा सर्वांना नेक बुद्धी देवो. खुदा हाफिज. जय हिंद.