वाचकांची वही कोणाच्या घरीं?

(मनवेलपाडा येथें वाचक मंडळींपुढें एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



मी कांहीं ग्रंथकार नव्हे. मुलांना बाराखडी शिकविणारा मास्तर आहे. पण शाळेचा हजेरीपट ज्याच्या हातीं असतो, त्याला एक गोष्ट नीट कळते. पटावर नांव असलेलें मूल आज आलें नाहीं, तर उद्यां त्याच्या घरीं जाऊन त्याला बोलावून आणतां येतें. पटच दुसऱ्याच्या कपाटांत बंद असेल तर? आपल्या लेखकांची आज हीच गत आहे.

गेल्या कांहीं वर्षांत पाड्यापाड्यांतलीं मुलें लिहूं लागलीं. ज्यांना मोठ्या शहरांतल्या मासिकांनीं उंबऱ्याच्या आंत घेतलें नसतें, त्यांना फेसबुकावर वाचक मिळाले. हें चांगलेंच झालें. त्याला मी नांवें ठेवीत नाहीं. पण ती ओसरी दुसऱ्याची होती. आतां तेथें लेखकानें लिहिलेलें त्याच्याच वाचकांपैकीं थोड्यांना दिसतें. बाकीच्यांपुढें जाहिराती आणि अनोळखी लोकांचीं नाचगाणीं. अधिकांना दिसावें असें वाटत असेल, तर पैसे मोजा! ऑर्कुट २०१४ सालीं बंद झालें. ट्विटर २०२२ सालीं विकलें गेलें, पुढल्या सालीं त्याचें नांवही गेलें. २०२० च्या जूनमध्यें टिकटॉकवर सरकारची बंदी आली. ती योग्य कीं अयोग्य हा वाद येथें नको. पण खेड्यांतल्या कितीतरी कलावंतांचे प्रेक्षक एका रात्रींत गेले, आणि त्यांचा पत्ता त्यांच्यापाशीं नव्हता.

आमच्या शाळेंतून गेलेला एक मुलगा वाडवळींत गोष्टी लिहितो. त्याचें खातें कोणत्या तरी यंत्रानें बंद केलें. दाद मागावी तर समोर माणूसच नाहीं. पदरचे पैसे घालून छापलेलें त्याचें पुस्तक खाटेखालीं पडून आहे, आणि पूर्वीं 'पुस्तक केव्हां?' म्हणून विचारणाऱ्यांना तें निघाल्याचें ठाऊकच नाहीं.

हें दुखणें नवें नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. 'दीनबंधु' तर आपल्याच माणसांचें पत्र. तरी त्यांत आरंभींचीं प्रकरणें छापून पुढचीं थांबविण्यांत आलीं. जोतीराव हात जोडून बसले काय? त्यांनीं तो मजकूर मुंबई, पुणें, ठाणें, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणीं लोकांना वाचून दाखविला. ठाणें म्हणजे २०१४ पर्यंत आपल्याच जिल्ह्याचें ठिकाण. ज्यांना अक्षर येत नव्हतें, तेही त्यामुळें त्यांचे वाचक झाले.

दुसरा दाखला मुकुंदराव पाटलांचा. त्यांनीं १९१० सालीं 'दीनमित्र' काढलें, आणि नगरकडील तरवडीसारख्या खेड्यांतून तें १९६७ पर्यंत चालविलें. पुण्यामुंबईपासून इतक्या दूर पत्र तगतें कशावर? वर्गणीदारांच्या वहीवर. साप्ताहिकाच्या अशा वहींत नांव, गांव, पोस्ट, तालुका सगळें असतें. छापखाना बिघडला तर अंक दुसरीकडे छापतां येतो. वही गेली, तर सोन्याचीं अक्षरें छापूनही तीं पाठवावयाचीं कोणाला?

मात्र नुसता पत्ता पुरत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. बाबासाहेब आंबेडकरांचें 'बहिष्कृत भारत' १९२७ सालीं निघालें आणि १९२९ सालीं बंद पडलें. त्यांतला बहुतेक मजकूर ते स्वतः लिहीत. विद्वत्तेची वाण नव्हती, कळकळीची तर नव्हतीच. पैशाचें बळ कमी पडलें. तेव्हां फुकट वाचून 'वाहवा, मास्तर!' म्हणणाऱ्यांनीं आपल्या खिशाकडेही थोडें पाहावें. अंगठा दाखविल्यानें कागदवाल्याचें बिल भागत नाहीं.

मग लेखकांनीं करावें काय? फेसबुक सोडा असें मी म्हणत नाहीं. बाजारांत दवंडी जरूर पिटावी, पण गिऱ्हाईकाचें नांव आपल्या वहींत लिहून घ्यावें. पुस्तक विकलें कीं नांव, फोन, ई-मेल विचारावा. ई-मेलनें महिन्याला एक पत्र जाऊं द्या. ती यादी उतरवून घेऊन दुसरीकडे नेतां येते. व्हॉट्सअपची प्रसारण-यादी ज्यांनीं आपला नंबर आपल्या फोनांत साठविला आहे त्यांनाच पोंचते, आणि एका यादींत २५६ च माणसें मावतात. म्हणून वाचकाला नंबर तेथल्या तेथेंच साठवावयास सांगावें. फोन न वापरणाऱ्या म्हाताऱ्याला पोस्टकार्ड टाकावें. आणि एक पथ्य: ही वही निवडणुकीच्या दिवसांत कोणी गोड बोलून मागेल, जागेचा दलालही मागेल. देऊं नये. वाचकानें नांव दिलें तें पुस्तकासाठीं.

वाचकांनींही उत्तर धाडीत जावें. 'अमुक गोष्ट लांबली' एवढें लिहिलें तरी पुष्कळ. लेखक भिंतीशीं बोलत नाहीं हें त्याला कळतें.

दाराशीं टेबलावर एक कोरी वही ठेविली आहे. त्या मुलाच्या पुस्तकाच्या प्रतीही शेजारीं आहेत. पुढच्या रविवारीं सायंकाळीं तो येथें एक गोष्ट वाचील. ज्यांना बोलावणें हवें, त्यांनीं जातांना नांव लिहून जावें; अक्षर मात्र मला वाचतां येईल असें काढा.