भाड्याच्या घराचा हिशेब

आमच्या शेजारचे एक गुरुजी परवा रंगाऱ्याची पावती घेऊन आले. घराचा वरचा मजला त्यांनी भाड्याने दिलेला. म्हणाले, "१,२०,००० वर्षाचे भाडे, त्यातून रंगाचे २०,००० वजा, प्राप्तिकरासाठी उत्पन्न एक लाख. बरोबर ना?"

मी म्हटले, "नाही हो गुरुजी. कागद घ्या."

भाड्यातून प्रथम घरपट्टी वजा होते. मात्र ती मालकाने, त्याच वर्षी, प्रत्यक्ष भरलेली हवी. भाडेकरूने भरली तर चालत नाही. वरच्या मजल्याची घरपट्टी ५,००० होती. उरले १,१५,०००. यातून सरसकट शेकडा ३०, म्हणजे ३४,५०० सुटतात. दुरुस्ती, रंग, विमा सारे यातच आले. खर्च शून्य होवो की लाख होवो, सूट तेवढीच! उरले ८०,५००.

आता कर्ज. घर बांधण्यासाठी काढलेल्या कर्जाचे वर्षाचे व्याज ६०,०००. दोन्ही मजले सारखे, आणि खाली गुरुजी स्वतः राहतात. तेव्हा वरच्या मजल्याच्या वाट्याचे ३०,००० च या भाड्यातून वजा करायचे. मुद्दलाचा हप्ता इथे धरायचा नाही. उरले ५०,५००.

गुरुजी पाहतच राहिले. जे मिळत नाही ते ते मागत होते, आणि जे हक्काचे आहे ते सोडून देत होते!

तेव्हा मंडळी, घरपट्टीची पावती आणि बँकेचा व्याजाचा दाखला जपून ठेवा.