लंकेची पार्वती

(नभोवाणीवरील भाषण)

अंगावर दागिना नसलेल्या बाईला आपल्याकडे 'लंकेची पार्वती' म्हणतात. ज्या लंकेंत सोन्याच्या विटा, त्याच लंकेच्या पार्वतीच्या गळ्यांत मात्र फुटका मणीहि नसावा, हें कसें, याचा विचार मीं कधीं केला नव्हता. २०२४ च्या जानेवारींत आम्ही उभयतां श्रीलंकेला निघालों, तेव्हां आमच्या सौभाग्यवतींनीं पाटल्या-बांगड्या उतरवून कपाटांत ठेवल्या, गळ्यांत काळ्या मण्यांची साधी पोत घातली, आणि आरशांत पाहून त्या म्हणाल्या, "लंकेला जायचें तें लंकेची पार्वती होऊनच!" त्या विनोदाचा अर्थ आम्हांला पुढें एका समुद्रकांठच्या स्वयंपाकघरांत कळला. तीच हकीकत आज आपल्याला सांगावयाची आहे.

आमच्या लग्नाला ४१ वर्षें झालीं. एवढ्या काळांत प्रवास घडला नाहीं असें नाहीं. कुलदैवताला गेलों, लग्नामुंजींना गेलों, मुलांना घेऊन महाबळेश्वरला नि अलिबागला गेलों. परंतु प्रत्येक वेळीं बरोबर कोणी ना कोणी होतें. आधीं माझी आई, मग मुलें, पुढें नातवंडें. दोघांनींच निघण्याचा हा पहिला प्रसंग. समुद्रावर गेलों म्हणजे सारी मंडळी पाण्यांत, आणि आमच्या सौभाग्यवती वाळूंत चपला, घड्याळें नि चष्मे राखीत बसलेल्या. त्यांचें माहेर रत्नागिरीकडचें. समुद्राची गाज ऐकत त्या लहानाच्या मोठ्या झाल्या, पण मुलींनीं पाण्यांत उतरायचें नाहीं, अशी घरची शिस्त. सासरीं आल्यावर ती शिस्त मोडण्याचें कोणाला सुचलें नाहीं. मला तर नाहींच नाहीं.

लंकाच कां, असें पुष्कळांनीं विचारलें. आमच्या पिढीला लंकेची पहिली ओळख रामायणानें करून दिली, आणि दुसरी रेडिओ सिलोननें. १९५२ सालीं आकाशवाणीचें खातें श्री. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आलें, आणि चित्रपटगीतांना तेथें फारसा थारा उरला नाहीं. तेव्हां तीं गीतें कोलंबोहून ऐकूं येऊं लागलीं. त्याच वर्षीं डिसेंबरांत सुरू झालेली 'बिनाका गीतमाला' पुढें वर्षानुवर्षें दर बुधवारीं रात्रीं चालली. आमच्या सौभाग्यवती लहानपणीं शेजाऱ्यांच्या ओसरीवर बसून ती ऐकत, आणि हा आवाज समुद्रापलीकडून येतो याचें त्यांना मोठें नवल वाटे. वस्तुतः अमीन सयानी बोलत मुंबईंतच. त्यांच्या मुद्रित फिती विमानानें कोलंबोला जात. परकें म्हणून जें आपण कान देऊन ऐकतों, तें कधीं कधीं घरचेंच असतें!

मुंबईहून कोलंबो विमानानें अडीच तासांच्या अंतरावर आहे. घड्याळाचे कांटेहि फिरवावे लागत नाहींत, कारण दोन्ही देशांची वेळ एकच. पहिला दिवस आम्हीं त्या शहराला दिला. पेट्टा नांवाच्या बाजारांत मसाल्यांचा दरवळ, हमालांची धांदल, आणि मध्येंच १९०९ सालीं पुरी झालेली लाल-पांढऱ्या पट्ट्यांची मशीद. राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयांत चेंग हो या चिनी दर्यासारंगाची १४०९ सालची शिळा आहे. तिच्यावर चिनी, तामिळ व फारसी असे तीन लेख आहेत, आणि बुद्ध, विष्णु व अल्ला या तिघांनाहि त्यांत भेट अर्पण केलेली आहे. परक्या किनाऱ्यावर उतरतांना यजमानांच्या सर्व देवांना नमस्कार करून ठेवावा, हें त्या दर्यावर्दीला ठाऊक होतें.

संध्याकाळीं 'गॉल फेस' या समुद्राला लागून असलेल्या हिरवळीवर गेलों. गव्हर्नर सर हेन्री वॉर्ड यानें ही फिरण्याची जागा १८५९ सालीं पुरी केली, आणि कोलंबोच्या स्त्रियांसाठीं व मुलांसाठीं ती सांभाळावी अशी पुढच्या गव्हर्नरांना शिफारस करणारा दगड बसविला. याच हिरवळीवर २०२२ सालीं हजारों लोक ठाण मांडून बसले होते, आणि अखेर राष्ट्राध्यक्षांना देश सोडून जावें लागलें. आम्ही गेलों तेव्हां मुलें पतंग उडवीत होतीं, कोळंबीचे वडे तळले जात होते, आणि पाऊस नसतां, ऊनहि उतरलेलें असतां, ओळीनें छत्र्या उघडलेल्या होत्या. जवळ गेल्यावर कळलें कीं, प्रत्येक छत्रीआड एकेक तरुण जोडपें बसलें आहे. सौभाग्यवती हंसून म्हणाल्या, "अहो, आपणहि उघडायची का आपली?" मीं म्हटलें, "लोक काय म्हणतील!" आणि वहींत पुढचें ठिकाण शोधूं लागलों.

या वहीविषयीं सांगितलें पाहिजे. निघण्यापूर्वीं महिनाभर खपून मीं तींत आठ दिवसांत पाहावयाचीं अकरा ठिकाणें, गाड्यांच्या वेळांसह, लिहून काढलीं होतीं. तिच्या आज्ञेवरून दुसऱ्या दिवशीं आम्हीं रेल्वेनें कँडी गांठली. घांट चढत जाणारी ही लोहमार्गाची वाट १८६७ पासून चालू आहे. कँडी ही सिंहली राजांची शेवटची राजधानी. १८१५ सालीं ती इंग्रजांच्या हातीं गेली. तेथील तळें शेवटचा राजा श्रीविक्रम राजसिंह यानें १८०७ सालीं बांधविलें. तळ्याच्या कांठीं बुद्धाच्या दंतधातूचें मंदिर आहे. त्या दंताला सिंहली भाषेंत 'दळदा' म्हणतात. मूळ पाली शब्द 'दाठा'. म्हणजे आपली दाढच.

तिसऱ्या दिवशीं पहांटे सिगिरियाला निघावयाचें होतें. मी वही घेऊन तयार, आणि सौभाग्यवती तळ्याकांठच्या बांकावर जाऊन बसलेल्या. "तुम्ही या जाऊन. मी येथेंच बसतें. माझे गुडघे आणि तुमची वही यांचें जमत नाहीं." मला राग आला. एवढा खर्च, एवढी तयारी! मी तडक एकटाच गेलों.

सिगिरिया हा पांचव्या शतकांतील कश्यप राजाचा, प्रचंड खडकाच्या माथ्यावरील किल्ला. पायऱ्या बाराशेंच्या घरांत. वाटेंत गिलाव्यानें आरशासारखी तुळतुळीत केलेली एक भिंत लागते. आठव्या ते दहाव्या शतकांत येथें आलेल्या प्रवाशांनीं तिच्यावर आपापल्या कविता कोरून ठेवल्या आहेत. सेनरत परणवितान या पंडितांनीं त्यांतील ६८५ कविता वाचून १९५६ सालीं प्रसिद्ध केल्या. वरच्या खडकावर रंगविलेल्या सुंदरी पाहून त्या माणसांना जें वाटलें, तें कोणाला तरी सांगितल्यावांचून राहवलें नाहीं. मी धापा टाकीत माथ्यावर पोंचलों. खालीं क्षितिजापर्यंत रान, मधून मधून तळीं, आणि त्यावर ढगांच्या सांवल्या. "हें बघ," असें म्हणून मीं मागें वळून पाहिलें. मागें कोणी नव्हतें. माझ्याजवळ भिंतहि नव्हती नि कविताहि नव्हती. पांच मिनिटांत मी खालीं उतरावयास लागलों.

सायंकाळीं कँडीला परतलों तों सौभाग्यवती त्याच बांकावर. दिवसभरांत त्यांनीं मंदिरांतले ढोल ऐकले होते, किरिबत नांवाचा नारळाच्या दुधांतला भात खाल्ला होता, आणि एका फुलें विकणाऱ्या मुलीकडून फुलाला 'मल' म्हणतात हें शिकून घेतलें होतें. "एकच ठिकाण पाहिलें हो मीं," त्या म्हणाल्या, "पण पुरतें पाहिलें." त्या रात्रीं मीं वहींतील उरलेल्या ठिकाणांपैकीं बहुतेक सारीं खोडलीं. गॉल आणि त्याच्या जवळचें उनवटुन एवढीं दोनच ठेवलीं.

कोलंबोला गाडी बदलून आम्ही दक्षिणेकडे निघालों. १८९४ सालीं गॉलपर्यंत पोंचलेला हा मार्ग समुद्राच्या इतक्या जवळून जातो कीं, उजव्या खिडकींतून लाटांखेरीज कांहीं दिसूं नये. हिक्कडुवाच्या अलीकडे समोरच्या बांकावरचे एक वृद्ध गृहस्थ उठून उभे राहिले, आणि खिडकीबाहेर पाहून त्यांनीं हात जोडले. गांवाचें नांव पेरलिया. २६ डिसेंबर २००४, पौर्णिमेची सुटी. 'समुद्रदेवी' नांवाची गाडी प्रवाशांनीं भरलेली. पहिली लाट आली तेव्हां ती येथें थांबली; गाडीचा आसरा बरा म्हणून गांवचे लोकहि तिच्यांत चढले, तिच्या आड उभे राहिले. मग त्याहून मोठी लाट आली. त्या एका गाडीपाशीं सतराशेंच्या सुमारास माणसें गेलीं. साऱ्या श्रीलंकेंत तीस हजारांहून अधिक. सौभाग्यवतींनीं सर्व ऐकून घेतलें आणि मला हलकेच विचारलें, "आपली उनवटुनची खोली पाण्यापासून किती लांब आहे?" मीं खरें तें सांगितलें: पन्नास पावलें.

गॉलचा कोट पोर्तुगीजांनीं १५८८ सालीं आरंभिला. १६४० सालीं तो डचांनीं घेतला आणि १६६३ पासून त्याची बळकट तटबंदी केली. जे तट तोफांच्या गोळ्यांसाठीं उभारले, ते २००४ सालीं लाटेच्या कामीं आले. बाहेरचें शहर उद्ध्वस्त झालें, पण कोटांतील वस्ती बरीचशी वांचली. आम्ही त्या तटावरून फिरलों. सौभाग्यवती समुद्राकडची बाजू सोडून आंतल्या बाजूनें चालत होत्या.

उनवटुन हें गांव तेथून जवळच. शेजारची रुमस्सल टेकडी म्हणजे मारुतीनें नेलेल्या द्रोणागिरीचा तुटून पडलेला तुकडा, अशी तेथें समजूत आहे. 'तेथें पडला' अशीच गांवाच्या नांवाची फोड लोक सांगतात. हिवाळ्यांत हा किनारा शांत असतो. वैशाखापासून इकडे पाऊस व खवळलेला दर्या, आणि त्या वेळीं पूर्व किनारा निवांत.

आमच्या यजमानीणबाई पन्नाशीच्या होत्या. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं साच्यांतून तांदळाच्या पिठाच्या शेवया पाडल्या, त्या उकडल्या, आणि वर नारळाच्या दुधाची 'किरि होदि' वाढली. "अहो, ह्या तर आपल्या शिरवाळ्या!" असें म्हणत सौभाग्यवती थेट स्वयंपाकघरांत शिरल्या. मग काय विचारतां! हाताला 'अत', दाताला 'दत', कानाला 'कन'. सात म्हणजे 'हत' आणि आठ म्हणजे 'अट'. दोघी एकमेकींचे अवयव मोजीत हंसत होत्या. मोजतां मोजतां यजमानीणबाईंनीं सौभाग्यवतींच्या रिकाम्या मनगटाला हात लावून बांगड्यांविषयीं विचारलें. सौभाग्यवतींनीं आपला लंकेच्या पार्वतीचा विनोद सांगितला, आणि मीं त्याचें इंग्रजी केलें.

बाई हंसल्या नाहींत. त्यांनीं आपले दोन्ही हात पुढें केले. तेहि रिकामेच होते.

२०१९ च्या ईस्टरला कोलंबोंत बाँबस्फोट झाले आणि त्यांच्या खोल्या ओस पडल्या. २०२० सालीं महासाथ आली. २०२२ सालीं परकीय चलन संपलें. स्वयंपाकाचा गॅस मिळेना, पेट्रोलसाठीं दिवसदिवस रांगा, आणि वीज तासन् तास बंद. त्या वर्षीं त्यांनीं बांगड्या गहाण ठेवल्या, त्या सोडवितां आल्या नाहींत. त्या बांगड्या लग्नांत आईनें घातलेल्या. आणि आई २००४ सालीं याच घराच्या ओट्यावरून लाटेबरोबर गेली. आमच्या सौभाग्यवतींनीं बाईंचे हात आपल्या हातांत घेतले. मला भाषांतर करावयाचें कांहीं उरलें नव्हतें.

थोड्या वेळानें सौभाग्यवतींनीं विचारलें, "समुद्राची भीति नाहीं वाटत?" बाई म्हणाल्या, "सहा वर्षें मी पाण्याला शिवलें नाहीं. मग मुलगी पोहायला शिकूं लागली. मी तिचे कपडे सांभाळीत वाळूंत उभी राहत असें. तिला बुडतांना पाहण्यासाठीं उभी राहायचें, तर तिच्याबरोबर उतरलेलें काय वाईट, असें एके दिवशीं वाटलें." आणि मग, जणूं शेजारणीला बाजारांत बोलवावें तशा सहजपणें, त्यांनीं विचारलें, "संध्याकाळीं येतां?"

संध्याकाळीं आम्ही तिघें किनाऱ्यावर गेलों. पाण्याच्या कडेशीं सौभाग्यवती क्षणभर थबकल्या. मग त्यांनीं पायांतल्या चपला काढल्या, चष्मा काढला, आणि तें सर्व माझ्या हातांत दिलें. "धरा जरा," एवढेंच म्हणाल्या. बाईंचा हात धरून त्या घोट्यापर्यंत गेल्या, गुडघ्यापर्यंत गेल्या, कमरेपर्यंत गेल्या. एक लाट आली तेव्हां माझ्या छातींत धस्स झालें. ती ओसरली, आणि दोघींच्या हंसण्याचा आवाज आला. चपला राखणाऱ्या माणसाला समुद्र केवढा मोठा दिसतो, तें मला ४१ वर्षांनीं कळलें.

त्या बाहेर आल्या तेव्हां लुगडें चिंब झालें होतें नि ओठ खारट झाल्याची तक्रार चालली होती. शेजारीं येऊन बसल्या. सूर्य केव्हांच मावळला होता. ऊन नव्हतें, पाऊस नव्हता. मीं पिशवींतून छत्री काढली आणि उघडली.

श्रोतेहो, आपल्यापैकीं कोणी पुढेंमागें समुद्रावर गेलें, तर पाण्यांत शिरण्यापूर्वीं एकदां मागें वळून चपला कोणापाशीं आहेत तें पाहावें, एवढीच विनंति.