उभ्यानं करायचं काम



स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुणे म्हणून डॉक्टर येतात, पोलीस अधिकारी येतात, निवृत्त प्राध्यापक तर हमखास येतात. या वेळी तुमच्या मुख्याध्यापिका बाईंनी दुकानातल्या बाईला बोलावलंय. इंदूरच्या एका मोठ्या स्टोअरमध्ये मी विभाग सांभाळते. नमकीन, बिस्किटं, चहा आणि पलीकडच्या रांगेतले साबण-शाम्पू, एवढं माझं राज्य. मराठीतच बोला असा आग्रह आहे, म्हणून बोलते. मधेच हिंदी डोकावली तर ती इंदूरची म्हणून चालवून घ्या.

मॅनेजर म्हटलं की लोकांना केबिन दिसते, फिरती खुर्ची दिसते. यातलं आम्हाला काही नसतं. कोणता माल ठेवायचा हे वरचं ऑफिस ठरवतं. छापील किंमत कंपनीची, आणि सूट कधी सुरू, कधी बंद, ते संगणकावर येतं. माझ्या हातात काय? कुणाची सुट्टी कधी, रॅक कसा लागला, काय संपत आलंय, कशाची तारीख उलटायला आलीय. आणि रॅकवर एक भाव अन् बिलात दुसरा लागला, तर बोलणी खायला मी. अधिकार चिमूटभर, जबाबदारी पोतंभर. तरीही मला हे काम आवडतं, कारण यात माणूस वाचायला मिळतो.

आता एक गुपित फोडते. जुना माल आधी विकला जावा म्हणून आमची मुलं रोज सकाळी जवळच्या तारखेची पाकिटं पुढे ओढतात आणि ताजी मागे सारतात. आणि तुम्ही काय करता? कोपरापर्यंत हात घालून मागचं पाकीट काढता! हसू नका, पालकांच्या रांगेतही ओळखीचे हात दिसतायत मला. त्यातून हे इंदूर. इथल्या माणसाला रतलामी सेव आणि लौंग सेव यांतला फरक झोपेतसुद्धा कळतो. बंद पाकीट कानाशी हलवून ‘भिया, ये नरम तो नहीं?’ विचारणारे काका मी रोज पाहते. तारीख बघून घेणं हा तुमचा हक्कच आहे, अवश्य बघा. फक्त उपसलेली पाकिटं परत सरळ लावा, एवढंच.

22 सप्टेंबर 2025 आठवतो? घटस्थापनेचा दिवस. त्याच दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले. साबण, शाम्पू, टूथपेस्ट 18 टक्क्यांवरून 5 वर आले, पाकीटबंद नमकीन 12 वरून 5 वर. बातमीत ते दोन ओळींत संपतं. दुकानात त्याचा अर्थ असा की, रांगेतली एकेक भावपट्टी काढायची, नवी घालायची, मग स्कॅन करून बिलात तोच भाव येतो ना ते बघायचं. पाकिटावर छापलेली किंमत जुनी, बिलात कमी. पैसे कमी लागले म्हणून संशय घेणारं गिऱ्हाईक मी त्या आठवड्यात पाहिलं! एका आजींना तर कागद-पेन घेऊन हिशेब मांडून दाखवावा लागला. तुम्ही टक्केवारीचं गणित ‘पुढे कुठे उपयोगी पडणार’ म्हणून सोडून देता ना, ते असं उपयोगी पडतं.

पण ज्यासाठी मी आज उभी आहे, ती गोष्ट वेगळी आहे.

आपल्या महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमध्ये जुन्या पेढीवर गेलात तर पांढरी गादी असते. शेठ बसलेले, मुनीम बसलेले, गिऱ्हाईकही जोडे काढून बसतं. चहा येतो, थान उलगडतं, भाव ठरतो. नव्या स्टोअरमध्ये एसी आला, बारकोड आला, आणि विकणाऱ्याची बैठक गेली. माझ्या विभागातल्या मुली सकाळी उभ्या राहतात त्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत. संध्याकाळी पायांना सूज येते. घरी गेल्यावर स्वयंपाक असतोच, तोही उभ्यानं.

या मुलींमध्ये काहींचे आजोबा परदेशीपुऱ्याकडच्या गिरण्यांत होते. त्यांतली हुकुमचंद मिल डिसेंबर 1991 मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या थकीत पैशांचा चेक निघाला तो डिसेंबर 2023 मध्ये. मधली 32 वर्षं कशी गेली ते त्या वस्तीत जाऊन विचारा. कित्येकजण वाट बघता बघता गेले. त्या घरांतली नातवंडं आता बिलिंग काउंटरवर आहेत. गिरणीत निदान युनियन होती, आमच्याकडे तीही नाही.

दिवसभर उभं राहण्याचं केरळमध्येही असंच चालायचं. कापडाच्या मोठ्या दुकानांतल्या विक्रेत्या बायकांना दिवसभर बसायची मनाई होती, लघवीला जायचीसुद्धा चोरी. कोळिकोडच्या विजी पालितोडी नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी त्यांना एकत्र केलं. काही वर्षं झगडल्यावर 2018 मध्ये केरळ सरकारनं दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती केली : कर्मचाऱ्यांना बसायची सोय द्यावीच लागेल. 2021 मध्ये तमिळनाडूनं तोच मार्ग धरला. एका खुर्चीसाठी कायदा करावा लागला, याचं मला आधी हसू आलं होतं. नंतर आमच्या मुलींचे पाय पाहिले आणि हसू थांबलं.

आमच्याकडे मुलींना बसायला स्टूल देता येतील का, असं मी वर विचारून बघितलं. उत्तर आलं, ‘गिऱ्हाइकांना वाईट दिसतं.’ म्हणजे खापर तुमच्यावर! खरंच तुम्हाला वाईट दिसतं का? मला नाही वाटत. पण कर्मचारी नुसते बसलेत अशी तक्रार करणारे एखाददुसरे महाभाग निघतात, हेही खोटं नाही.

म्हणून विनंती. तुमच्यातले पुष्कळजण उद्या धंद्यात जाणार, हे इंदूर आहे. दुकान काढाल तेव्हा नकाशात काउंटरमागे चार स्टुलांची जागा पहिल्याच दिवशी ठेवा, नंतर ती सापडत नाही. आणि त्याआधी, या रविवारी आईबाबांबरोबर खरेदीला जाल तेव्हा एवढं करा. रिकाम्या वेळी कोणी विक्रेती खोक्यावर टेकलेली दिसली तर तक्रार करू नका. आणि दुकानात सूचनापेटी असेल तर तिच्यात चार शब्दांची चिठ्ठी टाका : ‘यांना बसायला स्टूल द्या.’ मी सांगून होत नाही ते गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्यांनी होतं, हे मी आतून सांगतेय.