आधी माती पाहा



मंडळीत शौचालयाचा विषय कसा, असे वाटेल. अनुवाद 23 वाचा.

तुमच्या देणगीतून शौचालये उभी राहतात, पण एकच नकाशा सगळीकडे चालत नाही. तळोद्याच्या सपाटीवर काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, जोत्याला तडे जातात. पाणीही मुरू देत नाही. ऐन पावसाळ्यात शोषखड्डा तुंबतो आणि बाया पुन्हा अंधारात शेताकडे निघतात. वर धडगावच्या डोंगरात खडकाच्या भेगांतून मैला थेट झऱ्याला मिळू शकतो.

म्हणून आधी लहान खड्डा खणून पाणी ओततो, किती वेळात मुरते ते पाहतो. काळ्या मातीत खड्डा मोठा घेऊन भोवती फूटभर वाळू-खडी भरावी लागते. त्याने खर्च वाढतो, तोच आज तुमच्यापुढे मांडते आहे.